हे कोणी इचारलं होतं?

फोन ठेवला की निनावेकाकू आधी चष्मा पुसत आणि मग वहीत एक ओळ लिहीत. फोन कोणाचा होता, साडी घेतली की नाही, यातलं काही नाही. फक्त विचारलेला प्रश्न. ‘पहिल्या धुण्यात रंग जातो का?’ ‘काठ टोचतो का?’ तोच प्रश्न पुन्हा आला, की पुढे एक काडी. काही प्रश्नांपुढे काड्यांचं कुंपण झालं होतं.

धरमपेठेतल्या त्या हातमाग साड्यांच्या दुकानात बाहेरगावचे फोन काकू घेत. माहेर उमरेडचं, विणकरांचं. घरातला माग कधीच गेला, पण साडीवरून हात फिरवताना त्या तिची विचारपूस करताहेत असं वाटे. मी दुकानाच्या वेबसाइटचा मजकूर लिहीत असे. इंटरनेटवर शोधणाऱ्याला आम्ही सहाव्या पानावर सापडायचो, म्हणजे सापडायचो नाही. मालकांनी एक दिवस जाहीर केलं, की दिवाळीपर्यंत पहिल्या पानावर आलो नाही तर बाहेरगावची विक्री बंद. त्या विक्रीबरोबर काकूंची खुर्चीही जाणार, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

मी कंबर कसली आणि नवा लेख काकूंना वाचून दाखवला. त्यात ‘समृद्ध वारसा’ तीनदा आणि ‘अभिजात’ चारदा होतं. काकूंनी शेवटपर्यंत ऐकलं.

“काहून गा, हे कोणी इचारलं होतं?”

“काकू, इतिहास कळायला नको का लोकांना?”

“कळू दे ना. पण बाईले परवा लग्नाले जायचं हाये. साडीवर वरण सांडलं त काय करू, ते सांग तिले.”

माझ्याकडे एक सॉफ्टवेअर होतं. इतरांनी लिहिलेले आणि आमच्याकडे नसलेले विषय ते लाल रंगात दाखवी. इतरांनी काय लिहिलंय ते त्याला पाठ होतं. कोणीच काय लिहिलं नाही ते काकूंच्या वहीत होतं. आम्ही वही घेऊन बसलो. जितक्या काड्या जास्त, तितका तो प्रश्न वेबसाइटच्या पानावर वर. “तार निघाला त कापू नको म्हणा. सुईनं आत घ्यावा,” काकू सांगत, मी लिही. ‘अभिजात’ एकदाच उरलं, तेही मी हट्टानं ठेवलं म्हणून.

गणपतीत आम्ही तिसऱ्या पानावर आलो, दसऱ्याला पहिल्या. मालकांनी पेढे वाटले आणि स्वतःच्या दूरदृष्टीवर छोटं भाषण केलं. काकूंनी दोन पेढे घेतले. “एक दूरदृष्टीचा, एक माझा.”

सर्वांत लांब कुंपण असलेला प्रश्न मात्र त्यांनी लिहू दिला नाही: ‘मला कोणता रंग शोभेल?’ सॉफ्टवेअर लाल होऊन बसलं होतं. मी रंगांचा तक्ता केला; काकूंनी त्यावर आडवी रेघ मारली.

“हे लिहून नाही सांगता येत गा. आधी बाईचा आवाज आयकावा लागते.” मग हळूच म्हणाल्या, “आन सगळंच लिहून टाकलं, त मी काय करून राहिली इथं?”

पानावर आम्ही लिहिलं: ‘रंगासाठी फोन करा.’ आवाजाचं कारण हा खुर्ची टिकवण्याचा बहाणा आहे, अशी माझी खात्री होती. मग एकदा त्यांचा फोन कानावर पडला. “सावळ्या हा तुमी? कोण म्हणते? सासू? मंग तिले काहून इचारता, मले इचारा ना! कुंकवाच्या रंगाची घ्या, आन तिच्याच समोर नेसा.” पलीकडची बाई इतकी हसली, की मला टेबलाच्या या बाजूला ऐकू आलं.

मागच्या वर्षी काकू लेकीकडे मौद्याला राहायला गेल्या. वही मला दिली. वेबसाइटवर रंगाच्या ओळीपुढे आता त्यांचा मोबाइल नंबर आहे; दुपारी एक ते तीन त्या झोपतात, हेही तिथे लिहिलंय. सॉफ्टवेअर दर महिन्याला न चुकता सांगतं, की आमच्या पानावर एक विषय सुटलाय.

सुटलेला नाही. तो मौद्याला असतो.