बॅग धरायला पीए

"ते गळ्यातलं काढ आधी. डॉक्टर झाल्यासारखी मिरवू नकोस."

परवा सकाळचा राउंड. भरलेला वॉर्ड. सरांनी हात पुढं केला आणि मी स्टेथोस्कोप काढून दिला. माझा होता, पहिल्या पगारातून घेतलेला. त्यांनी तो ट्रॉलीवर टाकला, स्वतःची बॅग माझ्या हातात दिली आणि नातेवाइकांना हसत म्हणाले, "ही आमची पीए."

लोकही हसले. हसणारच. कोल्हापुरात पीए म्हटलं की आमदाराचा पीए. बॅग धरणारा, फोन उचलणारा. मी फिजिशियन असिस्टंट. डॉक्टरांच्या देखरेखीखाली पेशंट तपासायचा, बिघडतंय वाटलं की त्यांना कळवायचं, त्यासाठी पदवी घेतली. कुणाकुणाला सांगत बसू?

बाहेर आल्यावर म्हटलं, सर, लोकांसमोर असं नको.

"तुमच्या लोकांना जरा जवळ केलं की डोक्यावर बसता."

तुमच्या लोकांना! माझं आडनाव त्यांना पाठ होतं. घरी बुद्धवंदनेला बसले तर शब्दच आठवेनात. अंगाची नुसती आग होत होती.

काल दुपारी राधानगरीकडच्या एका म्हाताऱ्याचा दम वाढला. मी तपासलं, ऑक्सिजन लावायला सांगितला, सरांना फोन केला. ते इचलकरंजीत, स्वतःच्या दवाखान्यात.

"मला उशीर होईल. डॉक्टर बघून गेले म्हणून सांग. विचारलंच, तर तूच डॉक्टर."

वा! बॅग धरायला पीए आणि खोटं बोलायला डॉक्टर.

म्हाताऱ्याची बायको कॉटजवळच उभी होती. "पोरी, डॉक्टर बघून गेलं न्हवं?"

घरात माझाच पगार येतो.

"न्हाय आज्जी. डॉक्टर आलेलंच न्हाईत. दुसऱ्यांना बोलावतोय आता."

"मग तू कोण गं?"

आडनावासकट नाव सांगितलं. मोठ्यानं. फिजिशियन असिस्टंट हाय, डॉक्टर न्हाय, हेही सांगितलं. अख्खा वॉर्ड ऐकत होता. आयसीयूचे डॉक्टर पळत आले, म्हाताऱ्याला घेऊन गेले.

उद्या केबिनमध्ये बोलावलंय. माफी माग, मिटवून टाकू, असा सरांचा निरोप आहे. आई म्हणते, पडतं घे.

नाही घेणार. काढा म्हणावं. दुसरीकडं जाईन, तिथंही पीए म्हणतील, तिथंही भांडेन. पण जो डॉक्टर आलाच नाही तो येऊन गेला, असं माझं तोंड कधीच सांगणार नाही.