काचेतली सवत

आमचे हे शिंपी. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत संसार. गिऱ्हाईक आलं की माप घेतात, कपडे कधी मिळतील ते सांगतात आणि तोंडाला कुलूप घालतात. माझ्याशीही तेवढंच. लग्न ठरलं तेव्हा माझी आई म्हणाली होती, "बरंय की, उलटून तरी बोलणार नाही." यांना बोलता येतं, हे मला सवत आल्यावर कळलं.

सवत म्हणजे सॅलमँडर. बोटाएवढी, पाठ काळी, पोट शेंदरी. बेडकाच्याच गोतातली, पण शेपूटवाली. एका गिऱ्हाइकाने गाव सोडताना काचेच्या पेटीसकट यांच्या गळ्यात मारली. परदेशातून आणलेली आहे म्हणे. यांनी तिचं नाव ठेवलं राणी. मला आजवर 'अगं'च्या पुढे बढती मिळालेली नाही.

खिडकीतल्या बटणांच्या बरण्या हलवून तिथे पेटी आली. मग काय, कुठली बाही चुकली, कुणाचं पोट सुटलं, सगळं राणीला सांगायचे. मी आत भाजी निवडत कान लावून बसायची. माझ्या नवऱ्याच्या दिवसाची बातमी मला त्या पेटीकडून कळायची. अंगाचा तिळपापड व्हायचा. बहीण म्हणाली, "अगं, पालीसारखं ते ध्यान, त्याच्यावर काय जळतेस?" म्हटलं, पालीशी कुणी दिवसभर गप्पा मारत नाही.

मी सार्वजनिक बागेत माळीकाम करते. कमळाचं तळं माझ्याकडे. काचेच्या पेटीत मासेबिसे पाळणाऱ्यांमध्ये एक समज आहे, की पेटीतलं जुनं पाणी झाडांना फार मानवतं. यांनी तो मनावर घेतला. दर रविवारी पेटीचं पाणी बदललं की जुनं पाणी कॅनमध्ये भरून बागेत यायचे आणि माझ्या कमळांना घालायचे. बोलायचे नाहीत, पण यायचे. बाकीच्या माळणी कौतुकाने बघायच्या आणि मी उगाच पदर सारखा करायची. एवढं एकच काय ते माझ्या वाट्याचं होतं.

त्या वर्षी तळ्यातले बेडूक गप्प झाले. आधी वाटलं हवा बदलली. मग काठाला मेलेले दिसायला लागले, पाय पसरून, अंगावर जखम नाही की काही नाही. वन्यजीव खात्याच्या बाई आल्या. त्यांनी मेलेल्या बेडकांच्या कातडीवरून तपासणीसाठी कापसाचे बोळे फिरवले आणि मला समजावून सांगितलं. बेडूक कातडीनेच पाणी पितो, श्वासही घेतो. त्या कातडीला बुरशी लागली की थोड्या दिवसांत त्याचं हृदय थांबतं. बाहेरदेशी काही जातींच्या अंगावर ही बुरशी असते, त्यांना काही होत नाही. आपल्याकडच्यांना तिची सवयच नाही.

"म्हणून तर असे प्राणी पाळायला बंदी आली," बाई म्हणाल्या. "बरं, या तळ्यात बाहेरचं पाणी कुणी टाकतं का?"

मी कमळांकडे बघत राहिले. म्हणजे माझं म्हणून जे येत होतं, ते सवतीचं आंघोळीचं पाणी होतं.

"माझे मिस्टर," मी म्हटलं.

बाई त्याच दिवशी घरी आल्या. राणीच्या अंगावरून बोळा फिरवला, यांच्याकडून पाणी टाकणं बंद करवलं. निकाल आला तेव्हा तीच बुरशी निघाली. सोमवारी पेटीसकट खात्यात जमा करा, म्हणाल्या. बंद खोलीत ठेवू, मारणार नाही. मला आनंद झाला. बेडकांचं वाईट वाटलं, पण आनंदही झाला, खोटं कशाला बोलू.

रविवारी हे पुन्हा कॅन घेऊन बागेत आले. आज कसलं पाणी म्हणून मी झाकण उघडलं, तर आत राणी.

"अहो, हे काय?"

"बंद खोलीत कशी राहील ती? इथे सोडतो. एकटीच तर आहे."

"त्या एकटीच्या नुसत्या पाण्याने काठ भरला मेलेल्यांनी. उरलेत ते पण जातील. आणि तळ्याचं पाणी पुढे ओढ्याला जातं."

"तिने काय केलंय गं?"

"काही नाही. बेडकांनी तरी काय केलं होतं?"

इतकं लांब बोलणं आमच्यात बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं. तेही तिच्यावरूनच. यांनी कॅन माझ्या हातात दिला. डोळे भरलेले होते. "तूच नेऊन दे. माझ्याच्याने होणार नाही."

सोमवारी मी पेटी मांडीवर घेऊन रिक्षाने गेले. ती काचेला चिकटून बसली होती, शेंदरी पोट माझ्याकडे करून. देखणी होती, हे तेव्हा पहिल्यांदा मान्य केलं. खात्यातल्या बाईंनी हातमोजे घालून पेटी घेतली, मला साबणाने हात धुवायला लावले आणि घरातलं पेटीचं सगळं सामान कसं निर्जंतुक करायचं ते सांगितलं.

घरी आले. मशीन बंद होतं. हे खिडकीशी उभे होते.

"घाबरली होती का गं ती?"

माझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा मला खोलीत आणल्यावर यांनी विचारलं होतं, पंखा लावू का. म्हटलं, "नाही. शांत होती."

"बरं झालं तू होतीस बरोबर," हे म्हणाले. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि तिच्याबद्दल बोलायला लागले. पार अंधार पडेपर्यंत बोलत होते. मी ऐकत होते. माझ्याशीच बोलत होते ना.