पाण्यावरून परत आलेलं लाकूड

लग्न होऊन मी निर्मळजवळच्या या घरात आले तेव्हा लाकडाबद्दल मला काहीही कळत नव्हतं. माहेर नालासोपाऱ्यातलं, चौथ्या मजल्यावरचं वन रूम किचन. वडील नोकरीसाठी कोकणातून आलेले. आमच्याकडे लाकडाचं म्हणायचं तर पोळपाट-लाटणं आणि भिंतीवरचा देव्हारा. सासरी मात्र अंगणाला लागूनच वखार होती. सकाळी करवत सुरू झाली की मांडणीतली ताटं थरथरायची आणि दोरीवरच्या ओल्या कपड्यांवर भुशाचा पिवळा थर बसायचा. पहिल्या महिन्यात मी वैतागून सासऱ्यांना विचारलं, "बाबा, ही कधी बंद नसते का?"

"अमावस्येला असते," ते म्हणाले. "कपडे मागच्या अंगणात घाल. भुसा तिकडे नाही येत."

मुलगी झाल्यावर मी नोकरी सोडली. नवरा मुंबईला कामाला जायचा. दिवसभर घरात बसून कंटाळा येऊ लागला, तशी मी वखारीत जाऊन बसू लागले. आधी नुसतं फोन घेणं, मग गिऱ्हाइकाशी बोलणं. तिथं बसल्यावर मला हा मुलूख कळला. माझं माहेर इथून तीन-चार किलोमीटरवर, पण इथल्या माणसांशी माझी कधी ओळखच झाली नव्हती.

वखार सासऱ्यांच्या वडिलांनी काढलेली. तेव्हा यंत्र नव्हतं. जमिनीत खड्डा खणायचा, त्यावर ओंडका आडवा टाकायचा, एक माणूस वर आणि एक खड्ड्यात, आणि दोघांनी लांब करवत ओढायची. खालच्याच्या डोळ्यांत भुसा जायचा म्हणून तो डोक्यावर गोणपाट घ्यायचा. पुढे डिझेल इंजिन आलं, मग वीज आली. बागायतदारांच्या विहिरींवरचे रहाट इथल्याच लाकडाचे असायचे. बैलगाड्यांची जोखडं, ख्रिस्ती घरांतल्या मयताच्या पेट्या, देवळाचे दरवाजे, निर्मळच्या जत्रेतल्या दुकानांच्या फळ्या, कोळ्यांच्या बोटी, सगळं इथूनच. भुसासुद्धा फुकट जायचा नाही. बर्फाच्या लाद्या त्यात गुंडाळून मासळी बाजारात जायच्या.

मी आले तोवर रहाट कधीच गेले होते. दरवाजे प्लायवूडचे झाले होते, बहुतेक बोटी फायबरच्या. काम अर्ध्यावर आलं होतं. सासरे मात्र ओंडक्याच्या तोंडावर निळ्या रंगानं वखारीची खूण, एक फुली, काढत बसायचे.

मग तो पूर आला.

पाऊस आम्हाला नवा नाही, पण त्या वर्षी खाडीचं पाणी उतरेचना. मिठागरं भरली, शेतं भरली, रस्ते गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी वखारीची मागची भिंत पडली. आम्ही ओट्यावर उभे राहून पाहत होतो. करवतीची मोटर पाण्याखाली गेली होती. आधी फळ्या हलल्या, मग सागाचे ओंडके एकेक करून उठले आणि भिंत पडलेल्या जागेतून बाहेर निघाले. शिसवीचे जड ओंडके तेवढे तळाला राहिले. सासरे पावसातच उभे होते. सासूबाई म्हणाल्या, "आत चला, भिजताय." ते आत आले आणि पाटावर बसून राहिले.

संध्याकाळी नवऱ्याला ते म्हणाले, "पाणी उतरलं की करवत विकून टाकू. पुष्कळ झालं."

कोळीवाड्यातल्या लोकांनी पाण्याच्या कडेपर्यंत टेम्पोवर घालून लहान होड्या आणल्या होत्या. अडकलेल्यांना दूध आणि औषधं पोचवत ते फिरत होते. त्यातला एक तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, आमचं जुनं गिऱ्हाईक. त्याची मोठी बोट दुरुस्तीसाठी किनाऱ्यावर ओढलेली होती आणि तिच्यासाठीच्या फळ्या आमच्याकडे कापायच्या होत्या. तो होडी घेऊन थेट आमच्या ओट्याला लागला. होडीच्या मागे दोरीला बांधलेले सागाचे ओंडके होते.

"काका, हे तुमचंच ना? निली फुली हाय," तो म्हणाला. "केलीच्या वाडीत अडकलेलं."

सासऱ्यांनी ओंडक्यावर हात ठेवला. "तू माणसं काढायला आलायस, लाकडं कशाला ओढतोस?"

"मानसं सोडून परत जाताना होडी रिकामीच होती."

पाणी उतरू लागलं तसे फोन येऊ लागले. ते मीच घेत होते. एका वाडीतली बाई म्हणाली, "तुमचं लाकूड आमच्या गोठ्याच्या दाराशी येऊन टेकलंय, बैलगाडीनं पाठवू का?" चर्चच्या मागच्या शेतातून फळ्या आल्या, धुऊन पुसून, आकाराप्रमाणे लावलेल्या. माझ्या माहेरच्या बाजूनं, नालासोपाऱ्यातल्या एका बिल्डिंगमधून वॉचमनचा फोन आला; निळी फुली ओळखून कोणीतरी त्याला आमचा नंबर दिला होता. "मॅडम, आपका लकडा इधर है. आके ले जाओ."

मी आणि नवरा टेम्पो घेऊन गेलो. बिल्डिंगच्या जिन्यासमोर अजून गुडघाभर पाणी होतं आणि आमचे दोन ओंडके दगडांमध्ये पक्के बसवून लोकांनी त्यांचा पूल केला होता. त्यावरून बायका पिशव्या घेऊन येत-जात होत्या. वॉचमन ओशाळला. "बच्चा लोग को स्कूल जाना था," तो म्हणाला. "आज निकाल देता हूं."

"राहू दे," मी म्हणाले. "पाणी गेल्यावर नेऊ."

त्यानं आम्हाला चहा पाजला. मी लहानपणापासून अशा बिल्डिंगमध्ये राहिले, पण तिथं कोणी कोणाचं नसतं असं मला वाटायचं. त्या दिवशी वाटलं नाही. आठवड्यानं ते ओंडके त्यांनी स्वतःच हातगाडीवर घालून पाठवले.

सगळं लाकूड परत आलं असं नाही. पण अंगण भरेल एवढं आलं. सासरे रोज ते पाहायचे, उलटसुलट करून वाळायला लावायचे, आणि करवत विकण्याबद्दल काही बोलायचे नाहीत. मग एका सकाळी तांडेल पुन्हा आला. नारळी पौर्णिमा जवळ आली होती; त्यानंतर बोटी समुद्रात जायच्या.

"काका, माझ्या फल्या?"

"मोटर जळलीय रे. वाइंडिंगला दिली तर मिस्त्री म्हणतो, पुरातल्या मोटरांची रांग लागलीय. पौर्णिमेआधी नाही होणार."

तांडेल उंबऱ्यावर बसला. दुसरीकडून फळ्या आणतो असं तो म्हणाला नाही. माझ्या मनात भाताच्या गिरणीचा विचार आला. चर्चपलीकडच्या त्या गिरणीचा मालक ख्रिस्ती गृहस्थ, सासऱ्यांच्या वयाचा. त्याची गिरणी उंच ओट्यावर होती, पाणी तिथं चढलं नव्हतं. आणि कापणीपर्यंत ती बंदच असायची.

मी स्कूटर काढली आणि गेले. त्या गृहस्थानं माझं सगळं ऐकून घेतलं. "मोटर घेऊन जा," तो म्हणाला. "पण ती तुमच्या सासऱ्यांना नीट बसवता येणार नाही. मी येतो."

तो आला, सोबत मुलाला घेऊन. दुपारभर दोघं म्हातारे चिखलात उकिडवे बसून पट्टा जुळवत होते आणि एकमेकांच्या चुका काढत होते. तांडेल ओंडके धूत होता. चार वाजायच्या सुमाराला करवत फिरली. घरातली ताटं थरथरली आणि सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी पदरानं डोळे पुसले. 

बोट वेळेवर झाली. पौर्णिमेला तांडेलानं आम्हा सगळ्यांना बोलावलं. गिरणीवाले काकाही आले. समुद्राला नारळ वाहून झाल्यावर तांडेल सासऱ्यांना म्हणाला, "चला काका, एक फेरी."

सासरे मागे सरले. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्यांनी जन्मभर बोटींचं लाकूड कापलं, पण ते कधी बोटीत बसलेच नव्हते. "मला पाण्याची भीती वाटते," ते म्हणाले.

"म्या हाय ना," तांडेल म्हणाला आणि त्यानं हात पुढे केला.

ते बसले. एका बाजूला गिरणीवाले काका, दुसऱ्या बाजूला मी, मुलगी माझ्या मांडीवर. बोट भरतीच्या लाटांवर चढू लागली तसे त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं उघडले, तळाशी वाकले आणि नव्या फळ्यांच्या जोडावर हात फिरवून ओल लागते का ते पाहिलं. कोरडं होतं.

"फळी चांगली बसलीय," ते गिरणीवाल्या काकांना म्हणाले. मग किनाऱ्याकडे बघत राहिले. माड, घरं, देवळाचा कळस, चर्चचा क्रूस. तिथून सगळं गाव एका रेषेत दिसत होतं.

वखार अजून चालू आहे. सासरे आता फक्त सकाळी येऊन बसतात, बाकी मी पाहते. काम फार नाही, पण जे येतं ते ओळखीच्या माणसांचं येतं.