काठाचे लाल धागे

आमच्या घरातला माग बंद असला की सगळे हळू बोलत. वडगावच्या आमच्या गल्लीत घरोघरी माग होते, त्यामुळे कुणाचा बंद पडला हे सांगावं लागत नसे. पाण्याला निघालेल्या बायका दारातूनच आईला विचारत, "आज गप का गं तुमचं घर?"

त्या दिवशी घर गप्प होतं, कारण आदल्या संध्याकाळी आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, तयार लुगडं मागावरून कापून काढलं होतं. नवा ताणा, म्हणजे लुगड्याचे उभे धागे, दुसऱ्या दिवशी जोडायचा होता. दसरा जवळ आला होता. आप्पा सूत आणायला बेळगावच्या पेठेत गेले, आई नदीवर धुणं घेऊन गेली. आक्काला बजावलं होतं, "मागाजवळ कुणाला जाऊ देऊ नको."

आक्का माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. आम्ही एकाच शाळेत जायचो. इंग्रज बादशहाच्या तसबिरीखाली तिचा वर्ग बसायचा, आणि त्या वर्गात मुली दोनच होत्या. मास्तर आप्पांना सांगून गेले होते, "पोरगी हुशार आहे. मोठी परीक्षा पास झाली तर मास्तरीण होईल." आमच्या गल्लीत मास्तरीण कुणी पाहिलेली नव्हती. आप्पांनी खूप विचार करून एक अट घातली. सकाळ-संध्याकाळ धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायच्या आणि तिच्यामुळे माग एक दिवसही थांबता कामा नये. थांबला की शाळा बंद. ही अट घरात सगळ्यांना पाठ होती. मलाही.

आक्का उंबऱ्यावर बसून पुस्तक वाचत होती. तोंडानं पुटपुटत, एक बोट ओळीवर. मी मागच्या दारानं आत आलो.

मला भोवऱ्याला दोरी हवी होती. आमच्याकडे असा रिवाज होता की मागाखाली पडलेलं तुटकं सूत पोरांचं. लुगडं निघालं की आम्ही पोरं मागाखालच्या, विणकरानं पाय सोडायच्या खड्ड्यात उतरून ते गोळा करायचो. पण त्या दिवशी खाली काही नव्हतं. वर मात्र फणीतून आलेली धाग्यांची टोकं झुबक्या-झुबक्यांनी गाठ मारून लोंबत होती, आणि कडेचा झुबका लाल रेशमाचा होता. काठाचा. लुगडं तर निघालंय, मग हेही उरलेलंच, असं मी मनाशी म्हणालो. मला खरंच तसं वाटलं होतं की वाटून घेतलं होतं, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

ती टोकं उरलेली नसतात. ती मुद्दाम ठेवलेली असतात. नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांना राख लावलेल्या बोटांनी पीळ देऊन जोडायचा आणि अलगद ओढून घ्यायचा, म्हणजे तो आपोआप आपल्या जागी येतो. टोकं निसटली तर प्रत्येक धागा नव्यानं ओवावा लागतो. काठाचे धागे तर नक्षीच्या ठरलेल्या क्रमानंच जावे लागतात, आणि तो क्रम लावणारा म्हातारा तिकडे शहापुरात एकच होता. दसऱ्याच्या तोंडावर तो कुणाच्या हाताला लागत नसे.

मी गाठ सोडली आणि ओढलं. धागे सळसळत आले. एक झुबका आखूड वाटला म्हणून शेजारचा पांढराही घेतला. देवळामागे बसून पीळ दिला. त्या दुपारी माझ्या भोवऱ्यानं दोघांचे भोवरे फोडले. पोरं म्हणाली, "दोरी लई भारी रं! कुठनं आणलास?"

"आमच्यात अशीच असत्यात," मी म्हणालो.

दिवेलागणीला आप्पा आले. सुताचं ओझं उतरवलं, पाय धुतले आणि मागाशी गेले. मग त्यांनी हाक मारली, "आक्के, हिकडं ये."

मी चुलीपाशी बसलो होतो. चड्डीच्या खिशात दोरी होती आणि तिच्यावर माझी मूठ.

"कोण आलतं हितं?"

"कोण न्हाय आप्पा. मी दारातच होते."

"दारात हुतीस का पुस्तकात?"

आई मध्ये पडली. "उंदीर असंल वो. परवा कणगीत बी आलता."

"उंदीर गाठी सोडतोय व्हय? बोटं हायती त्येला?" आप्पांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटत होती. "गेला माग. आता म्हाताऱ्याच्या पाया पडायला जा, दसरा झाल्यावर यील. तुला काय सांगितलं हुतं मी?"

आक्कानं पुस्तक पाठीमागे धरलं होतं, जणू तेच चोरून आणलं होतं. मला तिचा हात दिसत होता. बोट अजून पानातच होतं.

मी उठलो आणि दोरी आप्पांपुढे धरली.

मला वाटलं होतं, आता पाठीची सालं निघतील. आप्पांनी दोरी घेतली, दिव्याजवळ नेली, दोन बोटांत फिरवली. म्हणाले, "पीळ बरा दिलाईस." आणि ती माझ्या हातात परत ठेवली. मग आक्काकडे वळले. "त्यो बारका हाय. त्येला काय कळतंय? तुला राखायला ठेवली हुती. उद्यापासनं शाळा न्हाय. माग चालू झाला की बघू."

त्या रात्री मी पोटभर जेवलो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. खरं बोललो होतो, मार चुकला होता, दोरीही मिळाली होती. आक्का न जेवता कांड्या भरत बसली होती आणि मी भाकरी दुसऱ्यांदा मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी शाळेत मास्तरांनी मला बोलावलं. "बहिणीला सांग, परीक्षेला बसणाऱ्यांची नावं शनिवारी वर जाणार. शनिवारी ती वर्गात दिसली पाहिजे. नाही दिसली तर या वर्षी मला काही करता येणार नाही."

मी पळत घरी आलो. आक्कानं ऐकलं आणि मागाकडे पाहिलं. "तवर माग चालू झाला तर?"

"म्हातारा न्हाय यायचा म्हणत्यात."

"म्हातारा कशाला पाहिजे? मागल्या साली त्यो काठ लावताना मी दिवा धरून हुते." ती खड्ड्याशी बसली. "तू पलीकडनं धागा दे. चुकलास तर बघ."

माग भरायला दोघं लागतात. एकानं मागून नेमका धागा निवडून पुढे करायचा, दुसऱ्यानं तो तारेच्या आकड्यानं मागाच्या दोरीच्या फासातून ओढून फणीच्या दातात घालायचा. आप्पा दिवसभर पलीकडच्या गल्लीत दुसऱ्याच्या मागावर बसायला जात. जाताना म्हणाले, "पांढरं भरा तुम्ही. काठाला हात लावायचा न्हाय." आम्ही हो म्हणालो, आणि ते गेल्यावर आक्कानं आधी काठच घेतला.

मी शाळेतून आलो की तिच्यासमोर बसायचो. आमच्यामध्ये धाग्यांचा पडदा. ती विणकरांच्या रीतीनं कानडीत मोजायची, ओंदु, एरडु, मूरु, आणि मोजता मोजता मला विचारायची, "आज आमच्या वर्गात काय झालं?" मी तिच्या वर्गाच्या खिडकीपाशी उभा राहून ऐकून यायचो आणि अर्धवट सांगायचो. उरलेलं ती स्वतः पुरं करायची. धागा चुकला तर मात्र सगळं मागे यायचं. एकदा मी लालच्या जागी पांढरा दिला आणि ते फणीच्या बऱ्याच पुढे गेल्यावर कळलं. आक्का एकेक धागा उलटा काढू लागली. मला रागावली नाही. बाहेर पोरं भोवरे फिरवत होती, मला हाका मारत होती. मी गेलो नाही. एवढं एक मी केलं.

शुक्रवारी तिन्हीसांजेला शेवटचा धागा गेला. बाकीच्या टोकांना आक्कानं राख लावून नवा ताणा जोडत आणलाच होता. आप्पा आले तेव्हा ती बाजूला उभी होती, बोटं राखेनं काळी झालेली. आप्पा खड्ड्यात उतरले. पायाखालची पावडी दाबून पाहिली. धोटा फेकला. खटक. पुन्हा फेकला. ते विणत राहिले आणि फणीपुढे चिंचोळी पट्टी दिसू लागली. कडेला लाल काठ, त्यात नक्षी जशीच्या तशी.

आवाज ऐकून शेजारचे अण्णा दारात येऊन उभे राहिले. आप्पांनी माग थांबवला. "काठ कुणी लावला?"

आक्कानं माझ्याकडे पाहिलं. तिनं मान किंचित हलवली, नको म्हणून. मला ते त्या वेळी कळलं नाही. मला वाटलं, ती आज्ञा मोडल्याला भितेय. मला तिचा अभिमान वाटत होता, आणि तिचं मोठेपण आप्पांना कळलं की ते तिला खुशीनं शाळेत धाडतील अशी माझी खात्री होती. मी मोठ्यानं म्हणालो, "आक्कानं! एकटीनं! म्हाताऱ्यापेक्षा बी बेस!"

आप्पा हसले. ते क्वचित हसत. अण्णा आत आले, वाकून काठ बघितला आणि म्हणाले, "आरं तिच्या! म्हाताऱ्याची वाट बघत माझा माग आठ दिस पडलाय. उद्या पोरीला धाडा की आमच्यात."

"धाडतो की," आप्पा म्हणाले.

"आप्पा, उद्या शनवार," आक्का म्हणाली. "माग चालू झाला की बघू म्हणलतासा."

"बघू की. दसरा तर हुंदे. हातात असली कला आलीया, आन् शाळंत बसून काय करतीस?"

आक्का हात धुवायला मागे गेली आणि बराच वेळ धूत राहिली.

आक्का आज काकतीला असते, नातवंडांत. त्या संध्याकाळी मी गप्प बसायला हवं होतं का, हे तिला मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा म्हणाली, "तू खरं तेच बोललास की रं." ती मनापासून म्हणते. मला त्यातून सुटका मिळत नाही. खोटं बोललो असतो तर निदान एका खोट्याची माफी मागता आली असती.

शनिवारी सकाळी मी पाटी घेऊन निघालो तेव्हा घरात आप्पांचा माग वाजत होता. अण्णांच्या दारावरून जाताना आत आक्का मोजत होती ते ऐकू आलं, ओंदु, एरडु. वर्गाबाहेर मास्तर उभे होते. माझ्या मागे त्यांनी रस्त्यावर लांबवर पाहिलं.

"बहीण कुठाय रे? माग अजून बंदच आहे काय?"

"न्हाय मास्तर," मी म्हणालो. "माग चालू झाला."