बोटीवरचा काळा केक

केक मधोमध बसला होता. बशीसारखा खळगा. मनुका, खजूर सगळे तळाशी. घागभाऊंनी तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला आणि म्हणाले, "चांगला आहे, वहिनी. पण तो नाही."

वीस वर्षं मी रत्नागिरीत घरून केक विकते. क्लास कुठलाच केला नाही, ओव्हननेच काय ते शिकवलं. बसलेला केक काही पहिल्यांदा बघत नव्हते. पण या केकसाठी हातात आठवडाच होता.

घागभाऊ मालवाहू बोटीवर चीफ कुक होते. आता मुंबई-गोवा हायवेवर हातखंब्याजवळ घर बांधून राहतात. त्यांचे जुने कॅप्टनसाहेब मुंबईहून गोव्याला जाताना रविवारी चहाला थांबणार होते. फोनवर साहेबांनी एकच फर्माईश केली, "घाग, तो काळा केक पाहिजे." घागभाऊंच्या उजव्या हाताला कंप सुटलाय. अंडं फोडता येत नाही. बायकोलाही न दाखवलेली रेसिपी त्यांनी मला लिहून दिली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून स्टाउटच्या बाटल्या आणल्या. स्टाउट म्हणजे भाजलेल्या जवाची काळी, कडवट बिअर. केकला काळा रंग आणि खमंगपणा तिच्यामुळेच येतो.

चूक मला लगेच कळली. बाटली फोडून ताजी, फसफसती बिअर मी पिठात ओतली होती. पिठात सोडा होताच. सोड्याचंही हवा सोडण्याचंच काम. दोघांनी मिळून केक भसकन फुगवला. आतलं शिजायच्या आत हवा गेली आणि केक खाली आला.

दुसऱ्या वेळी बिअर उकळून घेतली. फेस गेला, केक सरळ उभा राहिला. मी खूश! डबा घेऊन हातखंब्याला गेले.

"आता कडू झाला," घागभाऊ म्हणाले.

बरोबरच होतं. उकळल्यावर पाणी आटतं, कडवटपणा मागे राहतो. काढ्याचं होतं तसंच. मी म्हटलं, "साखर वाढवते."

"आम्ही साखर एवढीच घालायचो."

"मग उकळायचात किती?"

"उकळायचो नाही."

"ताजी ओतायचात?"

घागभाऊ अंगणातल्या कलमाकडे बघायला लागले. कलमाला मोहरसुद्धा नव्हता.

"भाऊ, बाटली कधी उघडायचात?"

आतून घागभाऊंच्या बायको, आमच्या काकी, चहा घेऊन आल्या. "अहो, सांगा की! वहिनी दुसऱ्यांदा आल्यात एवढ्या लांब."

"उघडायचो नाही," घागभाऊ हळूच म्हणाले. "उघडलेलीच असायची."

आदल्या दिवशी ऑफिसर लोकांची पार्टी व्हायची. टेबलावर उघडलेल्या बाटल्या तशाच राहायच्या. फेकायला यांचं मन होत नसे. सगळ्या एका पातेल्यात ओतून ठेवायचे, दुसऱ्या दिवशी केक.

काकींनी ट्रे खाली ठेवला. "म्हणजे तीस वर्षं तुम्ही साहेब लोकांना उष्टं घातलंत?"

"ग्लासातली नव्हे गो! बाटलीतली उरलेली."

"बाटलीला तोंड कुणी लावलं नव्हतं, ते बघायला तुम्ही गेला होतात?"

घागभाऊ माझ्याकडे वळले. "वहिनी, साहेबांपुढे हे काढू नका. त्या केकवर माझी इज्जत आहे."

मी शब्द दिला. मला काय, माझं कोडं सुटलं होतं. मी उकळून जे करत होते, ते पातेल्यात नुसतं उघडं राहून होत होतं. फेस उतरतो, पण काही आटत नाही, म्हणून कडूपणा वाढत नाही.

गुरुवारी दुपारी दोन नव्या बाटल्या पसरट पातेल्यात ओतल्या. येताजाता डावाने ढवळलं, वर फडकं टाकलं. संध्याकाळी त्यातच मनुका, खजूर, संत्र्याची साल आणि आपले काजू भिजत घातले. शुक्रवारी सकाळी ओव्हन मंद ठेवून केक भाजला. वर सपाट, मध्ये खुपसलेली सुई कोरडी. बटरपेपरमध्ये गुंडाळून ठेवला, कारण फ्रूट केक लोणच्यासारखा मुरावा लागतो.

रविवारी पडवीत साहेब बसले. पांढरे केस, पाठ ताठ. केक मी कापला. घागभाऊ खांबाला टेकून उभे, डावा हात उजव्यावर दाबून धरलेला. साहेबांनी पहिला तुकडा संपवला, न विचारता दुसरा उचलला.

"हाच," ते म्हणाले. "घाग, बिअर शिळीच ना?"

घागभाऊंचा चेहरा उतरला. मी सुरी पुसायला लागले. शब्द दिला होता ना!

"अरे, आम्हाला माहीत होतं," साहेब हसले. "तुला बाटली मागायला लाज वाटायची. मग आम्हीच पार्टीला दोन बाटल्या जास्तीच्या उघडून ठेवायचो. त्यांना हात लावायचा नाही, अशी माझी ऑर्डर होती."

काकी लगेच म्हणाल्या, "म्हणजे उष्टं नव्हतं!" आणि उष्ट्याची गोष्ट कळल्यापासून न शिवलेल्या त्या केकचा तुकडा त्यांनी स्वतः उचलला.

तेव्हापासून कुणी घरची रेसिपी घेऊन आलं की मी दोन प्रश्न विचारते. काय काय घालायचं, आणि काय सांगायचं राहिलंय. दुसऱ्या प्रश्नाला पुरुष गिऱ्हाइकं आधी बायकोकडे बघतात. मग मी बायकोला माझ्या स्वयंपाकघरात चहा टाकायला पाठवते आणि नवरा बोलायला लागतो.