गेंदी कोल्हापूरला जाते

कळे गावाच्या पुढं, कुंभी नदीच्या वळणाला बोरमाळ नावाचं गाव आहे. चैत्र लागला की तिथल्या बांधावरच्या करंजांना अशी पोपटी पालवी फुटते की कामाचा माणूसही हातातलं काम टाकून बघत उभा राहावा. बनाबाईही उभी राहायची. पण ती पालवी बघत नसे, ती उगवतीकडं बघत असे. उगवतीला कोल्हापूर होतं.

लहानपणी ती एकदा बापाच्या बैलगाडीतून कोल्हापूरला गेली होती. बापाला बाजाराची घाई. त्यानं तिला पंचगंगा लांबूनच दाखवली आणि म्हणाला, "बुडी पुढल्या खेपंला मार." ती पुढली खेप अजून यायची होती. मध्ये बनाबाईचं लग्न झालं, दोन लेकी नांदायला गेल्या, रस्त्याला एस.टी. सुरू झाली, तरी ती बुडी राहिली ती राहिलीच.

तिची थोरली बहीण धोंडुबाई कोल्हापुरात उत्तरेश्वर पेठेत राहायची. दर चैत्रात तिचा निरोप यायचा, "गौरीच्या हळदीकुंकवाला ये. घाटावर जाऊ, अंबाबाईची ओटी भरू." आणि दर चैत्रात बनाबाई उलटा निरोप पाठवायची, "औंदा जमंना."

जमत नव्हतं ते गेंदीमुळं.

गेंदी म्हणजे त्यांची म्हैस. पाठीपर्यंत गेलेली तलवारीसारखी शिंगं, कपाळावर पांढरा ठिपका आणि मिजास इनामदारिणीची. रेडकू असतानाच तिची आई गेली. बनाबाईनं बोट चोखायला देऊन तिला दुधाची सवय लावली आणि वाढवली. म्हणूनच बनाबाईचा हात कासेला लागल्याशिवाय गेंदी दुधाचा थेंब सोडत नसे. दुसरं कुणी खाली बसलं की आधी मान वळवून बघायची, मग पाय उचलायची. आणि एस.टी. सकाळी जायची ती दुसऱ्या दिवशीच परत यायची. तोवर म्हैस तुंबून राहिली असती.

त्या साली बनाबाईनं नवऱ्याला, सयाजीला, पाडव्यालाच सांगितलं, "या चैतात म्या बुडी मारणार. काय करायचं ते करा."

सयाजी बेत आखण्यात मोठा वस्ताद. कुणाचं लग्न असो, कुणाची विहीर असो, बेत सयाजीचा. त्यातली एक विहीर अजून कोरडी आहे, पण तो भाग वेगळा. दोन दिवस तो जोत्यावर बसून तंबाखू मळत राहिला आणि मग म्हणाला, "म्हशीला काय कळतंय? तिला लुगडं दिसतंय. लुगड्याच्या आत कोन हाय, ते ती कशाला इचारतीया?"

"तिला सगळं कळतंय. तुमच्यापरीस जास्त कळतंय."

"बघच तू."

दुसऱ्या दिवशी सकाळी सयाजीनं बनाबाईचं हिरवं लुगडं नेसलं, डोक्यावरून पदर घेतला आणि चरवी घेऊन गोठ्यात शिरला. बांगड्या काही हातात चढल्या नाहीत, म्हणून त्यानं त्या दोऱ्यात ओवून मनगटाला बांधल्या. बनाबाई कुडाच्या आड उभी राहिली. तोंडात पदराचा बोळा धरला होता, तरी तिचे खांदे हलत होते.

गेंदीनं मान वळवली. लुगडं बघितलं. बांगड्यांचा आवाज ऐकला. आणि काय आश्चर्य, परत वैरणीत तोंड घातलं. सयाजी खाली बसला. कासेला हात लावला. गेंदी गप्प. बनाबाईनं तोंडातला बोळा काढला. आता आपण खरंच जाणार! डोळ्यांपुढं घाटाच्या पायऱ्या उभ्या राहिल्या.

एवढ्यात शेजारचा पिराजी गोठ्याच्या दारात आला. त्याला लुगड्याची पाठ दिसली.

"वैनी," तो हळूच म्हणाला, "तुमास्नी म्हनून सांगतो. सयाजीला सांगू नगा. त्यानं माझा नांगर मागितलाय न्हवं, त्याला म्या मोडलाय म्हनून सांगितलं. पर नांगर चांगला हाय. त्यो मानूस नेलेली वस्तू परत देत न्हाय बघा. कुळव नेलाय त्यो अजून तिकडंच."

लुगडं गर्रकन वळलं. पदराखालून या एवढ्या मिशा बाहेर आल्या.

"कुनाला सांगू नगा?" मिशा गरजल्या.

पिराजीनं 'आई गं' म्हणून जी बोंब ठोकली, ती नदीच्या पलीकडच्या माणसांनीही ऐकली. गेंदीनं सयाजीचा आवाज ओळखला, पाय उचलला, चरवी एकीकडं आणि वस्ताद शेणात एकीकडं. दुपारपर्यंत साऱ्या गावात झालं. पाणवठ्यावर बायका बनाबाईला विचारू लागल्या, "काय गं, तुझी सवत लई मिशाळ हाय म्हनं?"

बनाबाई हसली. पण घरी येऊन घागर उतरवली आणि पायरीवर बसून राहिली. लुगडं धुऊन वाळत घातलेलं, वाऱ्यावर हलत होतं. हेच नेसून बुडी मारायची होती.

संध्याकाळी तिनं गेंदीची धार काढली, तिच्या पाठीवर थाप मारली आणि नवऱ्याला म्हणाली, "गेंदीला सोडून मला जाता येत न्हाय. मग दोघी जातो."

"कुठं?"

"कोल्हापूरला."

सयाजीला आधी थट्टा वाटली. मग त्यातला बेत दिसला आणि त्याचे डोळे चमकले. सकाळी तो एस.टी.पुढं म्हैस घेऊन उभा. कंडक्टर खिडकीतून ओरडला, "ओ पावणं, ही काय म्हशीची गाडी हाय व्हय?"

"उभी ऱ्हाईल की ती. बसाया जागा मागत न्हाय."

गाडी धुरळा उडवून गेली. मग काय, चालतच. पिराजीनं नांगरापायी शिक्षा म्हणून बैलांचं वैरणपाणी अंगावर घेतलं. दुसऱ्या दिवशी पहाटेची धार झाल्यावर बनाबाई दावं धरून पुढं, मध्ये गेंदी, मागं डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेला सयाजी, अशी वरात निघाली. वाटेत पांगारा लाललाल फुलला होता. आंब्याखाली कैऱ्यांचा सडा होता. उन्हं चढली की झाडाखाली थांबायचं, कलली की निघायचं. गेंदी कुठंच अडली नाही. जणू निमंत्रण तिलाच होतं.

फुलेवाडी मागं पडली, गंगावेस आली. उन्हं उतरणीला लागली होती. बनाबाई बहिणीच्या घराचा रस्ता विचारायला थांबली तोच गेंदीनं नाक वर केलं. वाऱ्यावर पाण्याचा वास होता. पुढच्या क्षणी ती सुटली. दावं बनाबाईच्या मनगटाला गुंडाळलेलं.

"अगं थांब! गेंदे! माझी ओटी हाय कनवटीला!"

कुठली ओटी आणि काय! घाटाच्या दगडी पायऱ्या दोघींनी धडाधड उतरल्या. कपडे धुणाऱ्या बाया बाजूला पळाल्या. गेंदी पाण्यात शिरली आणि मागोमाग बनाबाई, हिरव्या लुगड्यासकट, हळदीकुंकवाच्या पुडीसकट. पाणी नाकातोंडात गेलं. ती वर आली तेव्हा मावळतीचं सोनं साऱ्या पात्रावर पसरलं होतं, आणि शेजारी दोन शिंगं निवांत तरंगत होती. बनाबाईनं हात जोडले. मग बापाचं बोलणं आठवलं, तशी नाक धरून आणखी एक बुडी मारली. ही स्वतःच्या मनानं.

वर येऊन निथळत गंगावेशीत पोचल्या तर तिथं रस्त्याच्या कडेला म्हशींची रांगच उभी. संध्याकाळच्या धारांची वेळ, माणसांची गर्दी, सायकलींच्या घंट्या. म्हशीखालचं फेसाळ दूध थेट गिऱ्हाइकाच्या ग्लासात. गेंदी त्या रांगेत जाऊन अशी उभी राहिली की आपण इथल्याच. तालमीतून आलेला एक पैलवान ग्लास पुढं करून म्हणाला, "मावशी, आमचं बघा की आधी."

"ती गर्दीत सोडायची न्हाय," बनाबाई म्हणाली आणि सवयीनं खाली बसली.

गेंदीनं सोडलं. नुसतं सोडलं नाही, धो धो सोडलं. पैलवान ग्लासावर ग्लास रिचवत होता आणि सयाजी वैरणीच्या भाऱ्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "बेत माझा हाय ह्यो!"

घाटावरच्या बायांकडून ऐकून धोंडुबाई शोधत आली तेव्हा बहीण ओल्या लुगड्यात, भर चौकात, चाळीसभर माणसांच्या गराड्यात धार काढत होती.

"बने! हळदीकुंकवाला आलीस का गवळीपना करायला?"

"दोन्हीला, अक्का. पुडी तेवढी गंगंला गेली."

धोंडुबाईनं कपाळाला हात लावला, आणि मग तिलाही हसू फुटलं. घरी नेऊन तिनं बहिणीला कुंकू लावलं, आंब्याची डाळ वाढली, पन्हं दिलं. दारात बांधलेल्या गेंदीच्या पांढऱ्या ठिपक्यावरही एक बोट टेकवलं. सकाळी ओटीही भरून झाली.

परत आल्यावर मात्र नवीच अडचण उभी राहिली. गेंदीला आता गप्प गोठ्यात दूध सोडवेना. बनाबाई बसली तरी ती मान वळवून बघायची, माणसं कुठं आहेत म्हणून. शेवटी रोज धारेच्या वेळी पिराजी दारात सायकलची घंटी वाजवू लागला, आणि सयाजी पितळी पेला पुढं करून ओरडू लागला, "मावशी, आमचं बघा की आधी!"

तेव्हा कुठं चरवीत फेस चढायचा. आणि पुढल्या चैत्रात करंजाला पालवी फुटली, तेव्हा बांधावर उगवतीकडं तोंड करून दोघी उभ्या होत्या.