टुंड्रा, तैगा आणि भूगोलाच्या बाई

लग्नाच्या पंगतीत, यष्टीच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर, फार काय कुणाच्या दहाव्याला गेल्यावरसुद्धा समोरच्या माणसाला "तुम्ही जिथे राहत होतात तिथे उगवतं काय हो?" असं विचारण्याची हिंमत असलेली एकच व्यक्ती मी आयुष्यात पाहिली. ती म्हणजे आमच्या भूगोलाच्या बाई. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता, मी कोरेगावच्या बाजूला एका गावातल्या हायस्कुलात मराठी शिकवत होतो, आणि बाई तिथेच भूगोल आणि शास्त्र शिकवत. शिकवत म्हणण्यापेक्षा लढवत म्हणणं बरं. बाई मूळच्या वाईच्या, पण कृष्णेच्या घाटाचा संथपणा त्यांच्या अंगात औषधालासुद्धा नव्हता. उंच, सडपातळ, खांद्याला खाकी पिशवी आणि हातात बारा महिने काळी छत्री. ती छत्री पावसात कधी उघडलेली मी पाहिली नाही. ती नकाशावर सहारा दाखवायला होती, आणि सहारा दाखवता दाखवता पेंगणाऱ्या पोराच्या बरगडीत काँगो दाखवायलाही होती.

बाईंचा जीव दोन गोष्टींत अडकला होता. पृथ्वीच्या पाठीवरचे नैसर्गिक प्रदेश ही एक, आणि जनावरांच्या कळपात पुढारी कोण होतं ही दुसरी. त्यांच्या मते या दोन गोष्टी कळल्या की माणसाला फारसं काही शिकायचं उरत नाही. त्यामुळे गावातलं एकही जनावर त्यांच्या नजरेतून सुटत नसे. पाणवठ्यावरच्या म्हशींत पहिली पाण्यात कोण उतरते, माकडांत कुणी खाकरलं की बाकीची वर बघतात, याचा त्यांनी छडा लावलेला असे. एकदा आम्ही साताऱ्याहून यष्टीनं परत येत होतो. धनगराची मेंढरं रस्ता ओलांडत होती म्हणून गाडी थांबली, तशा बाई खाली उतरल्या आणि रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. मेंढरं गेली, धूळ बसली, तरी बाई हलेनात. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. "थांबा हो," बाई म्हणाल्या, "यातली म्होरकी कोण ते कळू द्या." त्यावर ड्रायव्हर म्हणाला, "बाई, म्होरक्या तुमीच हाय. बसा आता, मागनं आमी येतोच."

हा अभ्यास त्यांनी शिक्षकांच्या खोलीतही चालू ठेवला होता, आणि तिथे तो महागात पडायचा. संस्थेचे अध्यक्ष शाळेत आले असताना, चहाचा कप हातात घेऊन, बाईंनी सहज म्हटलं, "कळपात ज्याचे सुळे मोठे तोच पुढारी, असं काही नसतं. तो नुसताच धडका मारतो. पाण्याची वाट बहुतेक एखाद्या म्हातारीलाच ठाऊक असते." अध्यक्षांच्या मिशा भरघोस होत्या. त्यांनी कप खाली ठेवला. हेडमास्तरांचा तर घशातला घोट घशातच राहिला. बाईंना मात्र शेवटपर्यंत कळलं नाही की आपण हत्तींखेरीज दुसऱ्या कुणाबद्दल काही बोललो.

एका वर्षी नववीला टुंड्रा प्रदेश आला. आमच्या पोरांनी जन्मात दव सोडून थंड काही पाहिलं नव्हतं. त्यांना 'बाराही महिने गोठलेली जमीन' समजणार कशी? बाई रविवारी साताऱ्याला गेल्या आणि भुशात घोळून, पोत्यात गुंडाळून बर्फाची एक लादी घेऊन आल्या. यष्टीच्या टपावर ऊन, रस्त्यात एकदा टायर बसलेलं, त्यामुळे सोमवारी वर्गात पोतं उघडलं तेव्हा आत ओला भुसा आणि नारळाएवढा तुकडा निघाला. तोही प्रस्तावना संपायच्या आत गेला. टेबलावरून पाणी खाली, खालच्या शेणानं सारवलेल्या जमिनीत चिखल. पोरं हसायला लागली. दुसरं कुणी असतं तर शरमलं असतं. बाईंनी छत्री त्या चिखलात रोवली आणि म्हणाल्या, "छान! आता हा झाला टुंड्रातला उन्हाळा. तिथेही असाच चिखल होतो. लिहून घ्या."

तो हशा ओसरल्यावर मागच्या बाकावरची सुमन नावाची मुलगी उभी राहिली. "बाई, आमच्या आप्पानी बर्फात खेचरं हाकल्यात. लेहला. पर ते कुणासंगं बोलत न्हाईत."

बाईंनी तिला खाली बसवलं आणि पाठ तिथेच आवरला. मधल्या सुट्टीत त्या माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचा चेहरा नवा खंड सापडल्यासारखा दिसत होता. "अहो सर, आपण काय करतोय? या गावात घरटी एक माणूस पलटणीत. कुणी राजस्थानच्या वाळूत होता, कुणी तिकडे ईशान्येला नेफाच्या जंगलात, कुणी आफ्रिकेत लढून आलाय. अख्खी पृथ्वी पेन्शन घेऊन पारावर बसलीय, आणि मी साताऱ्याहून बर्फ आणते!"

झालं. दुसऱ्या आठवड्यापासून पृथ्वी एकेक करून शाळेत यायला लागली. आफ्रिकेच्या लढाईत गेलेले म्हातारे सुभेदार पहिले आले. ते कडक सॅल्यूट ठोकून उभे राहिले आणि सुदानी प्रदेशाचं वर्णन त्यांनी दोन शब्दांत संपवलं. "गवत व्हतं."

"केवढं?" बाईंनी विचारलं.

"लय."

बाईंनी लगेच एका मुलीला बाकावर उभं केलं. "हिच्याएवढं?"

"ह्येच्या वर. हत्ती बसला तर दिसायचा न्हाई."

"आणि उभा राहिला तर?"

"तवा आमी बघाय थांबलो न्हाई, बाई."

राजस्थानात राहिलेल्या हवालदारांनी वाळवंट म्हणून लंगरातल्या आचाऱ्याशी झालेलं भांडणच तासभर सांगितलं. त्यात शेवटी दाताखाली आलेली वाळू तेवढी अभ्यासक्रमातली. नेफाच्या जंगलातून आलेला जवान जळवांच्या पुढे सरकेना. बाई मात्र चिवट. "एवढी वर्षं तिथे काढलीत आणि झाडाचं पान कसं होतं ते बघितलं नाहीत?" असा दम देऊन त्या प्रत्येकाकडून थोडं पान, थोडं फूल, एखादं जनावर वसूल करायच्याच. गंमत अशी की ती माणसं पुन्हा पारावर बसली की एकमेकांना विचारायची, "तुझ्याकडं झाडं कसली व्हती रं गड्या?"

राहिले फक्त सुमनचे आप्पा. ते खेचरांच्या कंपनीत नाईक होते आणि चीनच्या लढाईनंतर काही वर्षांनी पेन्शनीवर घरी आले होते. आले ते गप्पच. शेतात जायचे, यायचे, जेवायचे, अंगणातल्या दगडावर बसायचे. दारू नाही, भांडण नाही, काही नाही. नुसतं बोलणं आटलेलं. बाई पहिल्यांदा गेल्या तेव्हा ते उठून गोठ्यात गेले. त्यांची बायको ओशाळून म्हणाली, "आवं बाई, घरात मीठ कमी पडलं तरी त्ये सांगत न्हाईत, तसंच जेवत्यात. तुमच्या साळंत काय बोलणार?"

"नाही बोलले तर नाही बोलले," बाई म्हणाल्या. "मी येत जाईन."

आणि खरोखरच त्या दर रविवारी जाऊ लागल्या. काही विचारायच्या नाहीत. पेपर तपासायचे ते तिथे बसून तपासायच्या, सुमनच्या आईला शेंगा फोडू लागायच्या, चहा घ्यायच्या आणि उठायच्या. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. येताना वाटेत म्हणालो, "बाई, टुंड्रा कधीच संपला. आता हा माणूस बोलला काय आणि न बोलला काय?" बाई थांबल्या आणि माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी नापास झालो हे मला कळलं. "सर, मला आता टुंड्रा नकोय," त्या म्हणाल्या. "त्या पोरीनं 'बोलत न्हाईत' म्हणताना मान खाली घातली होती. तुम्ही नव्हतात वर्गात."

शेवटी थंडी सरता सरता बाईंनी ठेवणीतला डाव टाकला. आप्पा दगडावर बसलेले बघून त्या सुमनच्या आईला मोठ्यानं म्हणाल्या, "खेचरांचं काय घेऊन बसलात! हाकललं की चालतात. डोकं नसतंच त्यांना."

दगडावरून आवाज आला, "कोन म्हनलं?"

सुमनच्या आईच्या हातातलं सूप खाली पडलं. बाईंनी मान वर केली नाही. "पुस्तकात आहे," त्या म्हणाल्या. पुस्तकात असलं काही नव्हतं.

"मग पुस्तक खोटं हाय," आप्पा म्हणाले. उठून गोठ्याकडे जाता जाता पुन्हा म्हणाले, "बुधवारी येतो."

आणि मंगळवारी संध्याकाळी निरोप आला की बुधवारी शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येणार, आणि नववीचा भूगोलाचा पाठ बघणार. हेडमास्तर धावत बाईंकडे आले. बाईंची कायमची ऑर्डर अजून व्हायची होती, हे ते तीनतीनदा सांगत होते. "उद्या फळ्यावर पाठ घ्या. टाचणवहीत लिहिलाय तसा. त्या माणसाला गुरुवारी बोलवा."

"साहेब दर वर्षी येतात," बाई म्हणाल्या. "हा माणूस एकदाच म्हणालाय, येतो."

"नोकरीचा प्रश्न आहे, बाई!"

"मला कळतंय," बाई म्हणाल्या. आणि छत्री उचलून घरी गेल्या.

बुधवारी मी मागच्या बाकावर साहेबांच्या शेजारी होतो. साहेबांना काही लागलं सवरलं तर बघायला हेडमास्तरांनी मला बसवलं होतं. आप्पा आले. पांढरा फेटा, धुवून वाळवलेली पलटणीची जर्सी. फळ्यापुढे उभे राहिले आणि उभेच राहिले. वर्ग गप्प. दारात हेडमास्तर खाकरले. साहेबांनी घड्याळ बघितलं. बाई पहिल्या बाकावर पोरींच्या मधे बसल्या होत्या; हलल्या नाहीत, काही सुचवलं नाही. सुमननं तोंड ओढणीत लपवलं होतं. इतक्यात एक पोरगी न राहवून म्हणाली, "आप्पा, खेचरांचा म्होरक्या कोन असतो?"

"म्होरक्या न्हाई," आप्पा म्हणाले. "म्होरकी. घोडी असती."

आणि मग तो आटलेला झरा फुटला. खेचराची आई घोडी, म्हणून खेचरं घोडीमागं जातात. तिच्या गळ्यात घंटा बांधायची. धुकं असो, बर्फ असो, घंटा ऐकून रांग चालते. आप्पांच्या तांड्याची घोडी करडी आणि म्हातारी होती. एकदा खिंडीत बर्फ पडायला लागला आणि एका वळणावर ती थांबली. जमादार ओरडला, आप्पांनी लगाम ओढला, फटके मारले. घोडी वाटेवर आडवी झाली. मागं सगळी खेचरं थांबली. रात्र तशीच काढली आणि सकाळी सगळे मागं फिरले.

"फुडं काय व्हतं, आप्पा?" पोरांनी एकदम विचारलं.

"काय ठावं! आमी गेलोच न्हाई. म्हनून तर हितं हाय."

वर्ग हसला. साहेबही हसले आणि शिस्त विसरून म्हणाले, "मग त्या घोडीचं पुढे काय झालं हो?"

आप्पांनी फेटा सारखा केला. "त्याच हिवाळ्यात गेली. म्हातारी झाली व्हती. सकाळी उठलीच न्हाई. मग खेचरं हलंनात. दुसऱ्या घोडीला घंटा बांधली, तरी हलंनात. वर चौकीवर पलटणीची पोरं उपाशी, दाणागोटा आमच्याकडं. मग..." ते थांबले. "मग मीच घंटा गळ्यात घातली आन् चालाय लागलो. आली मागनं समदी."

कुणी हसलं नाही. तेव्हा आप्पाच ओशाळं हसले. "आता गावात कुनाला सांगू, गळ्यात घंटा घालून चाललो व्हतो म्हनून?" आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. तसा सगळा वर्ग हसला, सुमन सगळ्यांत मोठ्यानं. तास संपल्याची घंटा झाली ती कुणी ऐकलीच नाही.

साहेबांनी जाताना चष्मा पुसला, पण शेऱ्यात लिहिलं ते 'पाठ टाचणानुसार झाला नाही' असंच. जूनमध्ये संस्थेनं बाईंची बदली सांगली जिल्ह्यात, कवठे महांकाळच्या शाखेत केली. अध्यक्षांच्या मिशा त्या दिवशी जरा जास्तच वर होत्या. मी सांत्वनाला गेलो तर बाई नकाशांच्या गुंडाळ्या बांधत होत्या. "काटेरी झुडपांचा प्रदेश!" त्या म्हणाल्या. "तो तेवढा माझ्याकडे नव्हता, सर. शाळेच्या दारातच मिळणार." असं म्हणून त्यांनी एक नकाशा उलगडला, पुन्हा गुंडाळला, पुन्हा उलगडला. दोरी काही नीट बसत नव्हती. मी ती धरली, तेव्हा त्यांनी पाठ फिरवून खिडकी लावून घेतली. बाहेर वारा नव्हता.

नंतर आमची गाठ क्वचितच पडली. खूप वर्षांनी सांगलीला गेलो असताना विश्रामबागेत त्यांच्या बहिणीच्या घरी त्यांना भेटलो. बाई निवृत्त झाल्या होत्या, गुडघे धरले होते, खुर्चीतून उठायला वेळ लागत होता. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मग त्यांनी विचारलं, "आप्पा कसे आहेत?"

मी सांगितलं की आप्पा गेल्या वर्षी गेले.

बाईंनी खुर्चीला टेकवलेली छत्री उगाच सरळ केली. मग हळूच म्हणाल्या, "शेवटी शेवटी बोलत होते ना?"

"बोलत होते?" मी म्हणालो. "अहो बाई, पारावरचे लोक त्यांना बघून उठून जायचे. जावयाला एकदा पहाटेची यष्टी चुकवायला लावली बोलून बोलून. सुमनची आई म्हणायची, त्या बाई भेटल्या तर त्यास्नी म्हनावं, तुमीच उघडलंय, आता तुमीच बंद करा."

बाई हसायला लागल्या. खूप हसल्या. हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला, तो बराच वेळ काढलाच नाही.